आमच्या बँडला गायक नव्हता

बाबा, आमचा बँड परत जमलाय. तुम्ही गेलात तेव्हा तो मोडलेला होता, त्यामुळे पोरीचं खूळ उतरलं असंच तुम्हाला वाटलं असेल. आम्ही चौघं चार नावाजलेल्या बँडांतून आलो होतो, म्हणून मुंबईचे पेपरवाले आम्हाला सुपरग्रुप म्हणायचे. "आणि गाणार कोण?" तुम्ही विचारलं होतंत. कुणीच नाही, मी म्हटलं. आपापल्या गायकांच्या मागे उभं राहून चौघंही कंटाळलो होतो. तुम्ही हसलात. "म्हणजे आमची बेंजो पार्टीच की गो!" खरंच होतं ते. फरक इतकाच, की तुमच्या बेंजोवर हातखंब्याची अख्खी वरात नाचायची आणि आमच्या सात मात्रांच्या लांबलचक रॉकपुढे लोक हाताची घडी घालून बसायचे. दोन रेकॉर्ड निघाल्या. दुसरीच्या वेळी ड्रमर आणि कीबोर्डवाला एका रचनेच्या शेवटावरून असे भांडले, की सगळेच आपापल्या जुन्या बँडात परत गेलो. आता इतक्या वर्षांनी कुठल्या कुठल्या पोरांनी इंटरनेटवर त्या रेकॉर्ड शोधून काढल्या आणि पुण्याहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं.

तालमीला रत्नागिरीलाच या, असं मीच म्हटलं. आंबा संपलाय, पॅकिंगची शेड रिकामी आहे, भिंतींना अजून पेंढ्याचा वास येतो. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी माझा गिटारचा जलद तुकडा आला आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं थरथरायला लागली. मी तारेला दोष दिला, तार बदलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ड्रमरनं काठ्या खाली ठेवल्या. जन्मात कधी हळू न बोललेला माणूस, अगदी हळू म्हणाला, "मधला भाग कीबोर्डवर घेऊ या. तू नुसते सूर धर." कीबोर्डवाला लगेच म्हणाला, "हो हो, छानच लागेल तसं." एका शेवटावरून वर्षानुवर्षं न बोललेले ते दोघं माझ्या हातावर एका क्षणात एकमत झाले. मी गिटार भिंतीला टेकवली आणि शेडबाहेर आले.

कारण तो मऊ आवाज मी आधी ऐकलाय. सावर्ड्याचं लग्न आहे, मी लहान आहे, तुमच्याबरोबर आलेय. वरात निघायच्या आधी पार्टीचा मालक तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "आज तुम्ही झांज घ्या हो, बेंजो माझा भाचा वाजवील." तुम्ही हसता, झांज घेता आणि वरात मांडवात पोचेपर्यंत हसतच राहता. घरी आल्यावर चुलीजवळ जेवायला बसलात ते डावा हात मांडीखाली दाबून. आईनं विचारलं, "काय होतंय?" तुम्ही म्हणालात, "थंडी वाजते." वैशाख होता. पुढच्याच आठवड्यात हर्ण्याच्या एका खलाशाकडून तुम्ही माझ्यासाठी जुनी गिटार आणलीत. "बाय, हात चालतायत तोवर वाजवून घे." मला ते लाडाचं बोलणं वाटलं. मग तुमच्या शर्टाची बटणं आई लावायला लागली. मग बशीतला चहा सांडायला लागला. मग चालताना पाय वेडेवाकडे पडायला लागले, आणि शेवटी तुमच्या तोंडात पेज भरवताना मी तुमच्याकडे बघायचं टाळायचे.

आज सकाळी डॉक्टरकडे गेले. त्यांनी मला चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले, बोटानं नाकाचा शेंडा शिवायला लावला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता? आईला, वडिलांना?"

"नाही," मी म्हटलं. "वडील शेवटपर्यंत वाजवत होते."

इतक्या ठाम आवाजात म्हटलं, की त्यांनी तसंच लिहून घेतलं. बाहेर आले आणि रिक्षावाल्याला शेडऐवजी घरचा पत्ता सांगितला.

आमच्या बास गिटारवाल्याचा फोन येऊन गेला, शेडवर सगळे थांबलेत. येते म्हटलं आणि हे लिहीत बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: उद्या परत जाऊन डॉक्टरांना खरं सांगायचं ठरवलंय, पण ते सांगायला तुमच्या आजाराचं नाव घ्यावं लागेल. आणि बाबा, ते नाव मी आजवर एकदाही तोंडानं उच्चारलेलं नाही. तुमच्या उशाशी बसलेली असतानाही नाही.