गिअरवरचा हात

सोमवार, ४

नोकरी लागली. आजपासून मी बोटचालक, म्हणजे शिकाऊ. तलावाच्या अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या पाणीपुरवठा कार्यालयात माणसं न्यायची-आणायची, दिवसाला आठ फेऱ्या. मला सायकलसुद्धा धड वळवता येत नाही हे मुलाखतीत मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. घरी कोण कोण आहे, एवढंच विचारलं. म्हटलं, मी आणि धाकटी बहीण. तिची नर्सिंगची शेवटची परीक्षा महिन्यावर आलीय. ती पास होईपर्यंत मला जिवाला दुसरा घोर नको. धक्क्यासमोरच दोन खोल्या मिळाल्या. धाकटी म्हणते, ताई, आता खिडकीतून तुझ्यावर नजर ठेवता येईल.

मंगळवार, ५

शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. साठीचा माणूस, काटकुळा, बोलायला गोड. उजव्या हाताला स्टिअरिंग आणि डाव्या हाताशी एकच दांडा. उभा असला की न्यूट्रल. थोडा पुढे ढकलला की खट् होऊन गिअर पडतो, आणखी ढकलला की वेग. मागे ओढला की तेच सगळं उलट. बोटीला ब्रेक नसतो हे मला आज कळलं. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा. पण पुढून थेट मागे ओढायचं नाही. न्यूट्रलला थांबून तीन आकडे मोजायचे, नाहीतर गिअरचे दात तुटतात. मी घाईत थेट ओढला. असा काही कर्कश आवाज झाला की सगळे प्रवासी माझं तोंड बघायला लागले. मास्तर रागावले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी सावकाश तीन मोजले. त्यांचा हात फार गार होता.

गुरुवार, ७

दिवसभर बोट धक्क्याला लावायचा सराव. दहा हातांवर न्यूट्रल, मोजायचं, मग चिमूटभर रिव्हर्स. चारदा आपटली. शेवटच्या हातभर अंतरात मास्तर स्वतः दांडा धरतात. पूर्ण आलं की तूच टेकव, म्हणतात. एक गंमत लक्षात आली. मास्तर बोटीवरून उतरतच नाहीत. डबासुद्धा धक्क्यावरून कुणीतरी आत देतं. मी थट्टेने विचारलं, बायकोने घराबाहेर काढलंय की काय. ते म्हणाले, अकरा वर्षं झाली, आता आठवत नाही. मी पोट धरून हसले.

शनिवार, ९

आज लावली, एकटीने. धक्क्याला लटकवलेल्या टायरला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मास्तर हात पाठीमागे बांधून उभे होते. शाबासकीसाठी वळले तर ते धक्क्यावर पोचलेले. जमिनीवर त्यांचे पाय लटपटत होते. चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद पाडणारी लाल दोरी त्यांच्या मनगटाला असायची, ती माझ्या मनगटाला होती. कधी अडकवली कळलंच नाही. माफ कर पोरी, म्हणाले आणि रडत रडत निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही. मग मी उतरायला गेले.

रविवार, १०

उतरता येत नाही. दांड्यावरचा हात काढला की तो आपणहून पुढे सरकतो, खट्, आणि बोट धक्का सोडते. चावी काढून ठेवली तरी. दोर बांधला, सुटला. परत हात ठेवला की गरीब गाय. बाकीची माणसं मजेत चढतात, उतरतात. डावा हात दांड्यावर ठेवून उजव्याने लिहितेय. मला फार भीती वाटतेय.

सोमवार, ११

रोज फेरीला असणाऱ्या कार्यालयातल्या कारकुनाला सांगितलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, सगळ्यांना ठाऊक आहे. जो एकट्याने बोट टेकवतो, त्याला ती ठेवून घेते. सुटायचं तर दुसऱ्याला शिकवायचं. एवढं बोलून माझ्यापुढे डबा ठेवला आणि कामावर गेला.

बुधवार, १३

उडी मारली. धक्का चार हातांवर होता. दम संपेपर्यंत पोहले, तरी चार हातांवरच. शेवटी हाताला लागली ती बोटीचीच शिडी.

शुक्रवार, १५

धाकटीला सगळं सांगून बसले. नको होतं सांगायला. रोज येऊन शेजारी बसते. मांडीवर पुस्तक, डोळे माझ्या डाव्या हातावर. अभ्यासाला जा म्हटलं तर जात नाही. तिला शिकवणार नाही. जीव गेला तरी नाही. मग न्यूट्रलला आले की मी मोठ्याने का मोजते?

सोमवार, १८

ओरडले तिच्यावर. धक्क्यावर पाऊल ठेवू नकोस म्हटलं. ती म्हणाली, ताई, तू माझ्यासाठी काय काय सोडलंस ते मी पाहिलंय. आता गप्प बस.

आज मास्तर धक्क्यावर दिसले. हाक मारली. ते पळत सुटले—

मंगळवार, १९

दुपारची फेरी. दुसरं कुणी नाही. तिने स्टिअरिंग घेतलं. दांडाही. मी शिकवलं नाही— नुसतं बघून शिकलीय. पाठ आहे सगळं—

हात मोकळा झाला. दहा दिवसांनी. बोटं उघडतात, मिटतात. किती हलकं वाटतंय—

धक्का समोर. तिला टेकवू द्यायची नाही. तिचा हात ढकलला की झालं. एवढंच करायचंय—

तिने न्यूट्रल टाकला. एक.

वही खाली ठेव. ऊठ. लिहीत काय बसलीयस—

दोन.

उठते. हे बघ, उठतेच आहे, एवढं वाक्य पुरं