शनिवारी कडी लावायची नसते

टॅमरॅक खाडी, मिशिगन
९ ऑक्टोबर २०२२

चि. हेल्मीस,
अ. आ. वि. वि.

आज पहाटे एका आवाजानं जागा झालो. आवाज आजचा नव्हता, सत्तर वर्षांपूर्वीचा होता. बाबा लाकडी ओगराळ्यानं सौनात, अंगणातल्या त्या वाफेच्या खोलीत, तापल्या दगडांवर पाणी टाकायचे आणि दमलेल्या घरानं सुस्कारा सोडावा तसा लांबलचक ‘हुश्श’ व्हायचा. तू खालच्या बाकावरून पुरे पुरे म्हणून केकाटायचीस आणि बाबा म्हणायचे, सौनात चर्चसारखं वागावं. त्या वाफेत बर्चच्या पानांचा जो वास असे, त्यावर मी चौथीच्या वर्गात चाळीस वर्षं कविता शिकवल्या. पोरांना वास कधी आला नाही, मला मात्र दरवेळी आला.

असो. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून बातमी कागदावर. घर विकायचं म्हणतोय. हसू नकोस. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहून गेल्या वर्षी सप्टेंबरात साइमाबाईंकडून पहिलं घर घेतलं, आणि आता विकायला निघालो. त्या वृद्धाश्रमात जायच्या म्हणून देत होत्या. सही केली त्या दिवशी मरणाचा उकाडा होता, तरी बाईंच्या हातात लोकरीचा हातमोजा चढवलेला. म्हातारपणी रक्त थंड होतं, म्हणाल्या. माझंही आता तसंच झालंय. गुडघे बोलतात, जिने नकोसे वाटतात. शिकागोच्या एका जोडप्याला सरोवराकाठी उन्हाळ्याला राहायचंय. मी दिली त्याच्या दीडपट किंमत देतायत. तेवढ्यात तुझ्या गल्लीतली ती तळमजल्याची जागा येईल आणि मी रोज तुझ्याकडे कॉफीला येऊन तुला छळेन.

मुस्ती गेला, बिचारं कुत्रं. ट्रकखाली आला. अक्षराकडे बघू नकोस, डाव्या हातानं लिहितोय. सौनात बाकावरून घसरलो, उजव्याला जरा लागलं.

लोभ आहेच, म्हातारपणी थोडा जास्त लागेल.

तुझा,
वाइनोदादा


डुलुथ, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर

ती. वाइनोदादास,
सा. न. वि. वि. विशेष होतं ते तू लिहिलंच नाहीस, म्हणून मला विचारावं लागतंय.

तुझ्या घराला जिना कुठला? पुढच्या दारी तीन पायऱ्या आहेत, त्याही मी मोजल्यात. जुलैत याच गुडघ्यांनी तू कड्यावर चढून बादलीभर ब्ल्यूबेरी आणल्यास आणि त्यावर मला चार पानं लिहिलीस. मुस्तीचं तर बोलूच नकोस. ट्रकचा आवाज आला की ते कुत्रं पलंगाखाली जाऊन थरथरायचं. ते ट्रकखाली कसं जाईल? मास्तर म्हणून तू चांगला होतास दादा, पण थापांत तू नापासच.

आता कामाचं. आमच्या गल्लीत मार्लीस म्हणून एक बाई आहे, लोकांचे कर भरून देते आणि मोबदल्यात वेलची घातलेल्या पावावरही खूष असते. तिला विचारलं. ती म्हणाली, स्वतःच्या घरात दोन वर्षं राहून ते विकलं, तर नफ्यावर कर नाही. त्याआधी विकलं तर आहे. तुला जेमतेम वर्ष झालंय. कर कापून गेला तर तळमजल्याची जागा विसर. मग तुझी ती शेजारची कॉफीही विसर.

पण एक वाट आहे. आजारपणानं, नोकरी गेल्यानं, किंवा कुणालाच आधी कळणं शक्य नव्हतं अशा आपत्तीनं घर सोडावं लागलं, तर राहिलेल्या काळाच्या प्रमाणात सूट मिळते, आणि तुझा नफा त्यात सहज बसतो. मी विचारलं, आपत्ती म्हणजे भूकंप का? ती म्हणाली, शेजारी जिवावर उठला तरी चालतं. मात्र घर विकण्याचं मुख्य कारण तेच असलं पाहिजे आणि ते दाखवता आलं पाहिजे. ‘कंटाळा आला’ किंवा ‘म्हातारा झालो’ यावर सरकार एक पैसा सोडत नाही.

वर्षभरात तुझ्या एकाही पत्रात शेजाऱ्याचा उल्लेख नाही, तेव्हा त्याच्याबद्दल लिही. मी बाई असले तरी बावळट नाही.

माया आहे, पण संयम कमी उरलाय.

तुझी,
हेल्मी


टॅमरॅक खाडी
२२ ऑक्टोबर

चि. हेल्मीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर आधी डॉक्टरकडे गेलो. गुडघ्यांचं एक चिठोरं मिळालं तर सगळं भागेल, असा माझा हिशेब. त्यानं दोन्ही गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाला, हे गुडघे मूस हरणाचे आहेत, तुम्ही मेल्यावर दान करा. मग त्यानं हाताची पट्टी सोडली आणि तळहात दिव्याखाली धरला. बाकावरून पडून तळहात असा भाजत नाही, एवढंच म्हणाला.

लाइल रुओना आठवतो का? साइमाबाईंचा मुलगा. लागूनच्याच जागेत राहतो. चौथीत माझ्या वर्गात होता आणि बर्फाची कविता इतकी सुंदर म्हणायचा की मी त्याला दुसऱ्या वर्गात नेऊन म्हणायला लावायचो. त्याला वाटतं हे घर त्याचं होतं आणि मी ते म्हातारीला भुलवून लाटलं. पहिल्या हिवाळ्यात त्यानं कुंपण उपटून माझ्या दारात टाकलं. वसंतात खिडकी फुटली. ऑगस्टात मुस्तीला बंदुकीनं मारलं, माझ्यासमोर, अंगणात. कुत्रं उडून पडलं आणि पाय झाडत राहिलं. लाइल म्हणाला, कोल्हा वाटला हो मास्तर. मुस्ती काळाकुट्ट होता, हेल्मी.

मग शिकागोच्या लोकांची गाडी त्यानं दारात पाहिली. त्या शनिवारी मी सौना तापवली होती. दार वाजलं नाही, कारण शनिवारी सौनाला कडी लावायची नसते आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं, हे तुलाही माहीत आहे. तो टॉवेल खांद्यावर टाकून आत आला. मी वरच्या बाकावर सरकून जागा दिली. त्यानं ओगराळ्यामागून ओगराळं पाणी टाकलं. श्वास घेता येईना तेव्हा मी खाली उतरायला लागलो. त्यानं माझी मान मागून धरली, मनगट पिरगाळलं आणि तळहात दगडांवर दाबला. दाबून धरला, आणि बर्फाची कविता म्हणायला लागला. अख्खी. शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ होती. मी किंचाळत होतो तरी त्याचा सूर हलला नाही. मग ओगराळ्यानं कानावर मारलं. बाबांनी कोरलेलं ओगराळं, त्यातच मोडलं. त्यानंतर तो शांतपणे बसला, अंग धुतलं, टॉवेल गुंडाळला आणि जाताना रीतीप्रमाणं सौनाबद्दल माझे आभार मानले.

शेरीफच्या माणसाला डॉक्टरनंच कळवलं. तो आला. लाइलनं सांगितलं की म्हाताऱ्याला चक्कर आली आणि तो शेगडीवर पडला, मीच उचललं. साक्षीदार कोण? मी काही बोललो नाही. सौनात घडलं ते सौनातच ठेवायचं, असं आपल्याला वाढवलंय. शिवाय सही करताना साइमाबाईंनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, की लाइल बडबडला तर बडबडू द्या, पोलीस नको. म्हाताऱ्या आईचं मन मोडायचं कसं? विकण्याचं कारण म्हणून मी काय सांगू, आणि त्यावर विश्वास कोण ठेवणार?

शिकागोवाल्यांना मात्र सगळं सांगितलं, फसवणं नको. ते हसले. त्यांच्याकडे वकील आहेत, आणि हे घर पाडून ते नवंच बांधणार आहेत. नोव्हेंबरअखेर व्यवहार.

रागावू नकोस. रागावलीस तरी लोभ ठेव.

वाइनोदादा


डुलुथ
२७ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून चुलीवरचं वाटाण्याचं सूप जळलं आणि मी ते तसंच खाल्लं. बाबांनी सौनात भांडू नये असं शिकवलं होतं. मार खाऊन तोंड मिटावं असं कधीच नाही. एवढी साधी रीत तू उलटी कशी पाठ केलीस? तू आणि तो लाइल, दोघंही कविता पाठ करण्यात तेवढे हुशार.

मार्लीस म्हणते, डॉक्टरचा कागद चांगला आहे, पण त्यानं एवढंच कळतं की हात भाजला. कुणी भाजला ते माणसानं सांगावं लागतं. शेरीफकडे पुन्हा जा आणि तोंड उघड. एकटा बोललास तरी बोललास असं होईल.

आणि एका गोष्टीचा विचार कर. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, शेजारी पोटचा मुलगा, आणि बाई ते परक्या मास्तराला विकून वृद्धाश्रमात जाऊन राहते. पोराला एक खोलीसुद्धा ठेवत नाही. असं का? तू हे तिला कधी विचारलंच नाहीस. तू तिला कविता ऐकवल्या असशील.

या पत्राबरोबर आज मी आणखी एक पत्र टाकलंय. कुणाला ते विचारू नकोस.

तोवर कडी लाव. शनिवारीसुद्धा. माझ्या मायेची शपथ.

हेल्मी


टॅमरॅक खाडी
शनिवार, १९ नोव्हेंबर

चि. हेल्मीस,
अ. आ. वि. वि.

तुझं ऐकलं. शेरीफकडे गेलो, उभा राहून सगळं बोललो. त्यानं लिहून घेतलं, आणि माझी कीव आल्यासारखा म्हणाला की तुमचं एक म्हणणं, त्याचं एक. पण लाइलला समज द्यायला तो गेला, आणि त्याची फळं मला मंगळवारी मिळाली.

भरदुपारी, बर्फ पडत असताना, तो कुऱ्हाड घेऊन आला. घराकडे नाही, सौनाकडे. आधी दार फोडलं. मग बाक, एकेक फळी. धुराडं आडवं केलं. मी खिडकीतून ओरडलो तेव्हा कुऱ्हाड इकडे वळली. मी बटाट्याच्या तळघरात उतरलो आणि झाकण ओढून घेतलं. वर तो चालत होता, हेल्मी. ताटं फुटत होती. माझ्या डोक्यावरच्या फळीत कुऱ्हाडीचं पातं येऊन रुतलं, हाताच्या अंतरावर. त्यानं ते हलवून काढलं आणि मला हाक मारली, मास्तर, हजेरी घ्या की. मी अंधारात तोंडावर टोपी दाबून बसलो. पोस्टाची गाडी आली म्हणून तो गेला. शेरीफचा माणूस येऊन फोटो काढून गेला. लाइलनं सांगितलं, मास्तरांनीच जुनी सौना पाडायला बोलावलं होतं.

दहा दिवसांत व्यवहार आहे. मार्लीसबाईंना सांग, माझ्याकडे डॉक्टरचा कागद आहे, फोटो आहेत आणि माझा एकट्याचा शब्द आहे. तेवढ्यावर जमलं तर तळमजला. नाही जमलं तर दोन वर्षं पुरी करायला इथंच थांबेन म्हणत होतो, पण तेवढा मी टिकणार नाही. हे मी कवितेत म्हणत नाहीये.

आज शनिवार. जन्मात पहिल्यांदा सौना तापली नाही. दगड मात्र त्यानं फोडले नाहीत, बर्फात तसेच पडलेत. घराची कडी लावून स्वयंपाकघरात हे लिहितोय. चार वाजलेत, बाहेर दिसेनासं होत चाललंय. थांब. पायरीवर कुणीतरी आहे.

दार वाजलं. मी दिवा मालवला आणि विस्तव ढोसायची सळई डाव्या हातात घेतली. पुन्हा वाजलं, हळू, खालच्या बाजूला, लहान मूल वाजवतं तसं. मी विचारलं, कोण? नुसतं पुन्हा वाजलं. वाटलं, तळघरात उतरावं. मग तुझं ते वाक्य आठवलं, बोललास तरी बोललास असं होईल, आणि मी कडी काढली.

साइमाबाई होत्या. आश्रमाची गाडी मागे धूर सोडत उभी. बाईंच्या काखेत सौनात अंगावर मारायची वाळलेल्या बर्चच्या डहाळ्यांची जुडी, डोक्यावर रुमाल, कोटाच्या खिशातून तुझ्या निळ्या पाकिटाचं टोक बाहेर आलेलं. त्यांनी माझ्या हातातली सळई पाहिली, माझा कान पाहिला, आणि मग सौनाच्या फोडलेल्या दारापलीकडचे दगड पाहिले. आत येऊन टेबलाशी बसल्या आणि दातांनी ओढून उजव्या हातातला मोजा काढला.

माझी पट्टी मी सोडली. दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा डाग जुना, पांढरा पडलेला. माझा अजून लाल. डाग त्याच दगडांचे, हेल्मी, कडेच्या त्रिकोणी दगडाचा ठसासुद्धा.

“शेरीफला बोलवा, मास्तर,” बाई म्हणाल्या. “मी सांगते, लाइलनं काय केलं ते. आणि तो येईपर्यंत ते दगड आत आणा.”