कॉम्प्युटरची मोजदाद

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.३०
ही दहा दिवसांसाठी बहिणीकडे गेली. मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जाताना तीन सूचना. दूध वेळेवर तापवा, गॅस बंद केला का बघा, कॉम्प्युटरला हात लावू नका. पहिल्या दोन मान्य. तिसरी पाहुण्यारावळ्यांसाठी असावी. ज्या माणसाने एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला कोणी असं सांगत नाही.
कॉम्प्युटर महिनाभर घरघर करतोय. त्यात हिचं तीन वर्षांचं भाषांतर आहे. चौदा प्रकरणं. पंचवीस तारखेला प्रकाशकांकडे जायचंय. ऐन वेळी यंत्र बसलं तर? निश्चय: ती येण्याआधी आतून साफसफाई, प्रत्येक भागाला नंबर, आणि टाइप केलेली यादी. खूश होईल.

मंगळवार, ५ मार्च. सकाळी ११
डबा उघडला. आत इतकी धूळ की घरघर नाही करणार तर काय करणार.
सगळे भाग सुटे करून जेवणाच्या टेबलावर मांडले. नंबर १, पॉवर सप्लाय. नंबर २, मदरबोर्ड, म्हणजे बाकी सगळे जिच्यावर बसतात ती. नंबर ३, पंखा. त्याखाली नंबर ४, प्रोसेसर. यालाच मेंदू म्हणतात. बिस्किटाएवढासुद्धा नाही. वर पांढरं काहीतरी माखलेलं होतं, स्वच्छ पुसून काढलं. नंबर ५ आणि ६, रॅमच्या दोन पट्ट्या. नंबर चिकटवायला जागा कमी, म्हणून खालच्या सोनेरी दातांवर चिकटवले. घट्ट बसलेत.
नंबर ७, हार्ड डिस्क. बंद पेटी, वर सील. उघडू नये असं छापलेलं. हे मला नवीन नाही. सील पाहून माल आत घेणारा स्टोअरकीपर मी कधीच नव्हतो. फोडायचं, मोजायचं, मगच सही.

दुपारी ३
एक स्क्रू लेबलच्या खाली लपवला होता. मला फसवतात! आत आरशासारख्या दोन तबकड्या आणि एक बारीक दांडा. एकूण तीन नग. धूळ अजिबात नव्हती, तरी चष्म्याच्या फडक्याने पुसल्या. झाकण लावलं. माल बरोबर.

बुधवार, ६ मार्च. सकाळी १०
सगळं जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. किती जणांना जमतं हे?
बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. तीन शिट्या.
बहुधा गरम होतोय.

दुपारी १
अजून शिट्याच. तीनच. मोजल्या.

संध्याकाळी ६
हिचा फोन. मेव्हणी चालायला लागली. मग विचारलं, कॉम्प्युटर ठीक आहे ना? म्हटलं, एकदम. खोटं नाही. शिट्या वाजतात म्हणजे जीव आहे.

गुरुवार, ७ मार्च. सकाळी ११
समोरच्या मास्तरांना सहज विचारलं, एका मित्राच्या कॉम्प्युटरमधून शिट्या येतात. म्हणाले, मित्राला रॅमचे दात खोडरबराने पुसायला सांगा. दातांवर माझी लेबलं! दाढीच्या ब्लेडने खरवडली, खोडरबर फिरवलं. शिट्या बंद. मी जिंकलो.
पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्रजीत. डिस्क सापडत नाही म्हणे. सापडत नाही कशी? नंबर ७, जागच्या जागी आहे.
आतून टक टक ऐकू येतंय.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी १२
टक टक थांबत नाही. डिस्क काढून परत लावली. वायर बदलली. हलकी चापट मारली. हात जोडले. मास्तरांच्या ओळखीचं कोणीतरी म्हणे डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून वाचवली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मटारशेजारी ठेवली आहे. चार तास.

संध्याकाळी ५
थंडगार टक टक.
फोन आला. या वेळी मी सहज विषय काढला, की भाषांतराची दुसरी प्रत ठेवतेस ना गं? ती म्हणाली, नऊ प्रकरणं कागदावर आहेत. पुढची पाच फक्त कॉम्प्युटरमध्ये. कागद फार जातो असं तुम्हीच म्हणाला होतात. पेन ड्राइव्ह मागितला तर जुनी स्टेशनरी संपल्याशिवाय नवीन काही आणायचं नाही, असंही तुम्हीच म्हणालात.
शिस्त म्हणजे शिस्त, हे मी तेव्हा बरोबरच बोललो होतो.
फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

रविवार, १० मार्च. सकाळी ८
काल काही लिहिलं नाही. काल दिवसभर टेबलासमोर बसून होतो. पाच प्रकरणं. म्हणजे जवळपास एक वर्ष. देवा, एवढी एक पेटी चालू दे, पुन्हा आयुष्यात स्क्रूड्रायव्हर हातात धरणार नाही.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ११.३०
दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. कपाळाला दिवा बांधून बसतात, कमी बोलतात. त्यांनी आधी फुटलेलं सील बघितलं. विचारलं, कोणी उघडली? म्हटलं, अशीच आली होती. त्यांनी झाकण काढलं, दिवा जवळ नेला आणि विचारलं, अंगठा कोणाचा?
तबकडीवर माझा अंगठा. स्पष्ट. सही न येणारा माणूस पावतीवर उठवतो तसा.
मग म्हणाल्या, फाइलचं नाव सांगा. मला माहीत नव्हतं. पुस्तक कशावर आहे? म्हटलं, जाड आहे. त्यांनी दिवा बंद केला. काका, म्हणाल्या, डिस्कच्या आत हवेतला एक कणसुद्धा चालत नाही. तुम्ही तर फडकं फिरवलंत. वरचा थर खरवडला गेलाय, यातून आता कोणी काही काढू शकणार नाही.
मी तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगितलं.
येताना रस्ता चुकलो. रोजचाच रस्ता.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी ४
योजना एक: चोरी झाली. पण मग बाकीचा कॉम्प्युटर कसा राहिला? योजना दोन: विजेचा दोष. पण दिवे चालू आहेत. योजना तीन: खरं सांगणे. ही सर्वांत शेवटी.

बुधवार, १३ मार्च. सकाळी १०
उपाय सापडला. यादी! हाताने लिहून काढली, सुवाच्य अक्षरात, तीन रकाने. भागाचं नाव, नग, शेरा. एकूण नग एकोणतीस, स्क्रू वेगळे. घट शून्य. सगळं डोळ्यांसमोर असलं की माणूस शांतपणे विचार करतो. सातवा नंबर परत जागी बसवला आणि त्याच्यासमोर शेरा लिहिला: किरकोळ दोष.
सातव्या ओळीत खाडाखोड झाली, म्हणून दोनदा लिहावी लागली.

गुरुवार, १४ मार्च. संध्याकाळी ७
ही आली. पायसुद्धा न धुता खोलीत गेली. बटण दाबलं. टक टक ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मी यादी पुढे केली.
तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मी सगळं सांगितलं. सील, फडकं, अंगठा, दुकानातल्या बाई. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. यादी माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, अहो, यात माझी पाच प्रकरणं कुठे आहेत?
मी यादी वरून खाली पाहिली. खरंच पाहिली.

रविवार, १७ मार्च. सकाळी ११
प्रकाशकांनी मुदत वाढवून दिली. वर्षभर. म्हणजे तसं नुकसान फार नाही. मेव्हणीने तिचा लॅपटॉप पाठवलाय. ही कालपासून दार लावून दहाव्या प्रकरणाला बसली आहे.
मघाशी दाराबाहेरून विचारलं, पुस्तक कशाबद्दल आहे गं? तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, हे विचारल्यावर लक्षात आलं. आतून म्हणाली, आता नको. पुरं झालं की वाचा.
वाचा म्हणाली, म्हणजे राग गेला, असं इथे लिहिणार होतो. पण टायपिंग थांबलं आहे. आत ती रडते आहे. मी बाहेर वही घेऊन बसलोय आणि दार वाजवायचं धाडस होत नाही.