माझ्या नजरेचा लाल ठिपका

सोमवार, ४ मार्च
आज डोक्यावर ते डबडं चढवलं! आत खोटं विमान, खोटा टॉर्च, आणि बुबुळांवर पाळत ठेवणारे कॅमेरे. कॉलेजातून आलेली ती कॉरिन — हाताला कधी ग्रीस लागलेलं नाही — मला म्हणते, "मिस वर्लीन, विमानातले तडे शोधताना तुमची नजर कुठे कुठे जाते ते मी टिपणार. नवी मुलं त्याच वाटेने बघायला शिकतील." म्हणजे डोळे माझे आणि नाव हिचं! वर हॉइट, आमच्या विमानदुरुस्तीच्या हँगरचा साहेब, लाडीगोडी लावतो — "हो म्हण ना वर्लीन, तुझ्यासारखी नजर आहे कुणाची?" केसाने गळा कापतो मेला.

मंगळवार, ५ मार्च
आज खरं काम. पुढच्या सोमवारी उडणारं विमान. पोटातला सामानाचा कप्पा तपासला, कुठे तडा नाही, शिक्का मारला. खालून मेकॅनिक ओरडला, "कुणी बघितलंय?" दुसरा म्हणाला, "वर्लीनने तपासलंय." झालं! झाकणं बंद. माझ्या नावापुढे इथे कुणी प्रश्न विचारत नाही. आता डबड्याला विचारणार का?

गुरुवार, ७ मार्च
दोन दिवस पोरं डबडं घालून माझ्या मागे होती. माझी नजर म्हणे लाल ठिपका होऊन त्यांच्यापुढे पळते. आज परीक्षा — ठिपका नाही, आपापलं बघायचं. उत्तरं पडद्यावर आली, तर सगळ्यांनी तोच एक तडा सोडलेला! डावीकडे, अगदी खाली, तळहाताएवढा! मी तोंड सोडलं. "आंधळ्यांनो, रस्त्यावर उकडलेल्या शेंगा विकायला बसा!" एक पोरगी रडली. रडू दे.

शुक्रवार, ८ मार्च
कॉरिनने दार लावून घेतलं आणि पडद्यावर माझाच माग दाखवला. ठिपकेच ठिपके — फक्त डावीकडचा खालचा कोपरा कोरा. दर वेळी तोच. म्हणाली, "मुलं चुकली नाहीत, मिस वर्लीन. तुमच्या मागून गेली." मग हळूच, "डोळे दाखवून घ्या. हॉइटना मी अजून काही बोलले नाही."

दया करते माझ्यावर! म्हटलं, "तुझं डबडं फुटकं आहे, आणि तुझं डोकंही." माझ्या शिक्क्यावर टपली आहे ती. तिचा चेहरासुद्धा बघवत नाही.

शनिवार, ९ मार्च
डबडंच फुटकं. डबडंच.

रविवार, १० मार्च
चर्चला गेले नाही. स्वयंपाकघरात समोरच्या घड्याळावर नजर रोखून बसले. डावीकडे खाली, टेबलावर गोड चहाचा पेला ठेवला होता. दिसेना! मान वळवली — आहे. पुन्हा घड्याळाकडे बघितलं — नाही.

हॉइटला फोन लावला. "उद्याचं विमान उडू देऊ नकोस. सामानाचा कप्पा परत उघडा."

"का गं? कुणी बघितलाय तो?"

म्हटलं, "वर्लीनने तपासलाय."