वस्तऱ्याची पाठ

चिखले, ६ जानेवारी २०२५

प्रिय सुदर्शन यास,
स. न. वि. वि.

तू स्टॉपजवळचं दुकान बंद करून लेकाकडे, मुकेशकडे, तलासरीला गेलास त्याला येत्या होळीला वर्ष होईल. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. रविवारी माझे पाय तरीही तिकडेच वळतात आणि कव्हरांपुढे उभे राहतात.

दाढी मीच करतो. हर्षदा सूनबाईंनी तीन पात्यांचं रेझर आणून दिलं. तुझ्यासारखी गुळगुळीत व्हावी म्हणून कातडी ताणून एक सुलटा आणि दोन उलटे हात मारतो. परिणाम असा की गळ्याची करवंदीची जाळी झाली आहे. लाल पुळ्या, आणि पुळीपुळीत एकेक केस आतल्या आत वळून बसलेला. काल टाचणीने एक उकरला, तो दिवसभर ठणकला.

तुझ्या खुर्चीत डोळे मिटून मी कविता म्हणायचो, आणि ओळीच्या मध्यावर, जिथे यती पडतो तिथे, तुझा वस्तरा बरोबर थांबायचा. वर्गातल्या चाळीस पोरांना न कळलेला यती तुला कळला होता. दिवाळीत एसटीने आलो तर तू वापीला गेलेला. एकदा ये रे. एकच दाढी तुझ्या हातची.

माया जुन्याच धारेची राहू दे.
तुझा,
गोपीनाथ


तलासरी, १५ जानेवारी २०२५

ती. स्व. गुरुजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. एवढे शिकलेले तुम्ही आणि टाचणीने गळा उकरता! तुमचे केस कुरळे. कातडीच्याही खालून कापले की टोकाला बाहेरची वाट सापडत नाही, ते आतच वळतं. म्हणून आता महिनाभर गळ्याला पातं लावायचं नाही. कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं ठेवायचं. टाचणी, चिमटा, नख, सगळं बंद. केस आपला आपण वर येईल. पू झाला, लाली पसरली की डहाणूला डॉक्टरकडे जा, तुम्हाला साखर आहे. आमची कारभारीण बायजी म्हणते, गुरुजींना दाढी ऋषीसारखी दिसेल, फक्त शाप देऊ नका म्हणावं.

एक सांगतो, रागावू नका. पहिल्याच वर्षी उलट्या हाताने तुम्हाला अशाच पुळ्या आल्या होत्या. त्यानंतर पस्तीस वर्षांत तुमच्या गळ्याला मी एकदाही उलटा हात मारला नाही. पण त्याशिवाय तुम्ही खुर्चीतून उठायचा नाहीत. म्हणून शेवटी वस्तरा पालथा करून त्याची नुसती पाठ फिरवायचो. तुमचे डोळे मिटलेले असायचे.

येण्याचं म्हणाल तर सध्या मुकेशच्या सलूनमध्ये गर्दी आहे. बघू.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा.
आपला,
सुदर्शन


चिखले, २० फेब्रुवारी २०२५

प्रिय सुदर्शन यास,
स. न. वि. वि.

लबाडा! पस्तीस वर्षं मला पाठ दाखवलीस आणि मी गावभर सांगत सुटलो की सुदर्शनच्या उलट्या हाताला तोड नाही. दोन दिवस रुसलो. तिसऱ्या दिवशी एकटाच हसलो, हर्षदा घाबरली.

गळा निवला आहे. केस एकेक करून वर आले, पहिल्या ओळीला अडलेलं पोर थोडं थांबल्यावर आपोआप म्हणू लागतं ना, तसे. दाढी बोटभर वाढली. समुद्रावर फिरायला जातो तेव्हा जुने विद्यार्थीही ओळखत नाहीत.

पण ही पहिली दाढी काढायची कुणी? गर्दीचं कारण मला पटत नाही. तलासरी काही परदेशात नाही. माझं काही चुकलं असेल तर पुळीसारखं आत ठेवू नकोस.

वाट पाहणारा,
गोपीनाथ


तलासरी, १ मार्च २०२५

ती. स्व. गुरुजींस,
शि. सा. न. वि. वि.

चूक तुमची नाही. माझा उजवा हात कापतो. दुकानाच्या शेवटच्या रविवारी तुमच्या कानाखाली लागलं, आठवतं? तुरटी लावली तरी रक्त थांबेना. तुम्ही डोळे उघडले नाहीत, कविता तशीच पुढे म्हणत राहिलात. तुम्हाला कळलं होतं, हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची विकली.

दिवाळीत मी वापीला गेलो नव्हतो. आतल्या खोलीत बसलो होतो. बायजीने खोटं सांगितलं, माझ्याच सांगण्यावरून. तुमचा आवाज ओटीवरून येत होता. मुकेशच्या सलूनमध्ये मी टॉवेल घड्या घालतो, एवढीच गर्दी. हात नसलेला न्हावी तुमच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार? हे अक्षर बघा, तुम्हीच गिरवून घेतलेलं, कसं झालंय.

क्षमा असावी.
सुदर्शन


चिखले, ६ मार्च २०२५

प्रिय सुदर्शन यास,
स. न. वि. वि.

अक्षर वाचता येतं. पास.

कानाखालची खूण अजून आहे. आरशात पाहताना मी तिला शोधतो, कारण तुझ्या हातचं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे. त्या दिवशी डोळे उघडले असते तर तुझा हात मला बघावा लागला असता, आणि तुला ते नको होतं.

आता माझं ऐक. काल मी एका पात्याचं साधं रेझर आणलं, आधी कोमट फडकं, मग भरपूर फेस, कातडी सैल, केसाच्या कलाने एकच हात. डावीकडचा भोवरा कानाकडे वळतो तोही बोटाने चाचपून शोधला. दाढी उतरली, एकही पुळी नाही. शिकवलंस तू, तेव्हा परीक्षाही तूच घे. होळीनंतरच्या रविवारी ये. अंगणात खुर्ची मांडतो. खुर्चीत तू बसायचं, दाढी मी करणार.

हात कापतो म्हणून माणूस कापून टाकायचा नसतो.

तुझाच,
गोपीनाथ


तलासरी, ११ मार्च २०२५

ती. स्व. गुरुजींस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी पहिल्या एसटीने निघतो. बायजी म्हणते, गुरुजींच्या हातात पातं आणि तुम्ही खाली, देवाला सांगून जा.

एक अट आहे. हातात पातं असताना बोलायचं नाही, तेव्हा कविता तुम्ही म्हणायची नाही. मी म्हणेन. पस्तीस वर्षं ऐकल्या आहेत, एकूण एक तोंडात आहेत. यतीला मी थांबेन, तिथे तुम्हीही थांबा. आणि माझ्या गळ्याला उलटा हात नको. शेवटी पाठ फिरवलीत तर चालेल.

मी डोळे मिटून घेईन.

आपला,
सुदर्शन