झाडांना की झाडांनाच

मंगळवार, ९ नोव्हेंबर
सकाळचे दहा

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. तुम्ही धाकटे, तेव्हा खरं तर आशीर्वाद लिहायला हवा. पण बावीस वर्षांत तुम्हीही म्हातारे झाला असाल, म्हणून नमस्कारावर भागवते. जाऊबाईंना नुसतं विचारलंय म्हणून सांगा. जाताना त्या माझी मोठी कात्री घेऊन गेल्या, ते मी विसरलेले नाही.

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, दात तीन कमी झालेत, जीभ होती तेवढीच आहे. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम अजून चालू आहे. सातवी पास अक्षर आहे, सांभाळून वाचा. ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या मनाने लावून घ्या.

पत्राचं कारण एवढंच, की बेडकी सुरू झाली.

हो, बरोबर वाचलंत. तुमच्या दादांची बेडकी. जिच्यावरून दोघा भावांचं फाटलं आणि तुम्ही बिऱ्हाड उचललंत, तीच. तुम्ही गेल्यावर दादांनी तिच्यावर जी ताडपत्री टाकली ती कधी उचलली नाही. ते गेल्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी ताडपत्रीकडे बघायचे आणि ताडपत्री माझ्याकडे. दुसऱ्या वर्षी एका दुपारी दोऱ्या कापल्या. आत मागच्या सीटवर उंदरांचं तीन पिढ्यांचं घर. चारही टायर बसलेले. गाडी दिसायला मात्र तशीच, गोल गोल डोळ्यांची, आत्ता उडी मारेल अशी.

मेस्त्री शोधला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कानाने अधू. माणसांचं त्याला ऐकू येत नाही, इंजिनाचं येतं. मी म्हटलं, "मेस्त्री, ही चालेल का?" तो म्हणाला, "आठ वाजलेत." पण काम हिऱ्यासारखं. दोन वर्षं घेतली. ब्रेक नवे, वायरी नव्या, पेट्रोलच्या नळ्या नव्या, तळाचा पत्रा सडला होता तो कापून नवा जोडला. सीटची कव्हरं मी शिवली, गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची. आता गाडी आतून शाळेला निघाल्यासारखी दिसते.

आणि ती शोभेला ठेवलेली नाही हं. रोज चालवते. एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं. परीक्षा घेणारा साहेब दरवाजाची कडी धरून बसला होता, पण पास केलं. रोज सकाळी गणवेशांचे गठ्ठे पुढच्या डिकीत घालते आणि दुकानात पोचवते. परवा चौकात पोलिसाने थांबवलं. म्हणाला, "आजी, बॉनेट उघडा." उघडलं. आत गठ्ठे. तो म्हणाला, "इंजिन कुठंय?" मी छाती बडवून म्हटलं, "अगं बाई! सकाळी तर होतं!" बिचारा शिट्टी काढायला लागला. मग मागे नेऊन दाखवलं.

तेल दर दोन हजार किलोमीटरला बदलते. वॉल्व्हची फट मी स्वतः बघते, मेस्त्रीने शिकवलं. सकाळी गार इंजिनावर, पातळ पत्री आत सरकवून. पत्री जरा अडखळत सरकली पाहिजे, जसा दोन बोटांत धरलेला मलमलीचा काठ. मेस्त्री म्हणतो, माझ्या बोटांना त्याच्यापेक्षा जास्त कळतं. कापडाने शिकवलंय, त्यात माझं काही नाही.

मी हे सगळं तुम्हालाच का लिहिते, असं वाटेल. एक तर तुम्ही जन्मभर बस चालवलीत, गाडीचं कौतुक तुम्हाला कळेल. दुसरं असं, की तुमच्यावर जो आळ आला, इंजिनाच्या तेलात पाणी ओतल्याचा, ते तुम्ही केलं नव्हतं. मला माहीत आहे. कसं माहीत, ते मेस्त्रीने इंजिन उघडलं तिथून सांगायला लागेल, आणि आता कागद संपत आला.

तब्येतीला जपा. उत्तर टाकलंत तर वाचेन.

तुमची,
वहिनी


रविवार, २१ नोव्हेंबर
दुपार

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. "गाडी चालू झाली, बरं वाटलं. पंख्याचा पट्टा जपा. आम्ही येणार नाही." एकूण अकरा शब्द, मी मोजले. बावीस वर्षांचे अकरा, म्हणजे दोन वर्षांना एक पडला. बसमध्ये सुद्धा तुम्ही याहून जास्त बोलत असाल, "पुढे सरका" तरी. आणि मी तुम्हाला बोलावलं होतं कुठे?

पण पट्ट्याचं लिहिलंत ते बरं केलंत. गुरुवारी तुटला. दुकानाकडे जाताना मागे फट् झालं आणि लाल दिवा लागला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, समोरच तर आहे दुकान. मी जागच्या जागी बंद केली. पट्टा गेला की पंखा थांबतो, पंखा थांबला की वारा नाही, आणि हिला वाऱ्याशिवाय दुसरं काही गार करत नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही. बेडकी असून पाण्याचं वावडं.

जादा पट्टा आणि पान्हा गाडीत असतो. वीस मिनिटांत बसवला. पण इंजिन तापलेलं, लगेच सुरू करायचं नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला गठ्ठ्यावर बसून राहिले. तासभर काही करायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मला तसं बसायची सवय नाही. तिथे ठरवलं, की मागच्या पत्रात कागद संपला नव्हता, हे तुम्हाला सांगावं. अजून पाऊण वही शिल्लक आहे.

तर मेस्त्रीने इंजिन उघडलं. आतून खरवडून बेअरिंगचे तुकडे काढले, गंजलेले, आणि माझ्या हातावर ठेवले. म्हणाला, "तेलात पाणी गेलंय." मी ओरडून विचारलं, "कुणी घातलं असेल?" हे त्याला पहिल्या खेपेला ऐकू आलं. म्हणाला, "गाडी कळणारा माणूस असं करत नाही. त्याला बिघडवायचीच असती तर दहा वाटा आहेत, कुणाला पत्ता लागला नसता. हे कुणीतरी लाडाने पाजलंय."

मी तुकडे रुमालात बांधले आणि घरी आणले. शिवणयंत्राच्या खणात आहेत.

आता त्या सकाळचं. आदल्या दिवशी तुम्ही जाऊबाईंना माहेरी सोडायला गाडी मागितली होती आणि दादा म्हणाले होते, "बसने जा, बसवालाच आहेस." तुम्ही ताटावरून उठलात. ते झाल्यावर दादा हात पुसत मला म्हणाले, "गाडी तापते हल्ली. बघायला पाहिजे." बस, एवढंच म्हणाले.

मी काय समजले? समोरचे डॉक्टर रोज सकाळी बाटली घेऊन त्यांच्या गाडीत पाणी भरायचे. ते मी रोज बघायचे. आमच्याकडे कुणी कधी भरलेलं मी बघितलं नव्हतं. आणि नाव काय, तर बेडकी. माझ्या मनात आलं, तहानलीय बिचारी. दादा विसरतात. आपण भरून ठेवू, दुपारी सांगू, हसतील. सकाळी झाडांना पाणी घालत होते, झारी हातातच होती. पुढचं झाकण उघडलं तर आत जादा चाक. मग मागे गेले. तिथे एक तोटी, तिला झाकण. उघडलं आणि ओतलं. अर्धी झारी बसली. मी तिला म्हटलं सुद्धा, "पी गं."

दादा कचेरीला निघाले. चौकापर्यंत गेले आणि इंजिन जाम झालं.

संध्याकाळी ते पायी घरी आले तेव्हा तुम्ही नळावर हात धूत होतात. ते म्हणाले, "तेलात पाणी घातलंय कुणीतरी. अडाण्याचं काम नाही हे. इंजिन कळणाऱ्यानेच डाव साधलाय." तुम्ही म्हणालात, "दादा, मी नाही." एकदाच म्हणालात. मग माझ्याकडे बघितलंत. नळाखाली झारी होती.

मी दारात उभी होते. तोपर्यंत मला माहीतही नव्हतं, की पाणी घालायचं नसतं. ते कळलं आणि त्याच क्षणी हेही कळलं, की बोलायचं आत्ता आहे. बोलले नाही. तुम्हाला वाटेल, नवऱ्याच्या माराला भ्याले. दादांनी कधी बोट लावलं नाही. मी एका शब्दाला भ्याले. चारचौघांत ते मला गमतीने "आमची सातवी पास" म्हणायचे आणि मी सगळ्यांच्या आधी हसायचे. पण त्या दिवशी ते "अडाणी" म्हणाले असते, आणि ते गमतीने नसतं. एवढ्याशा शब्दापायी मी घरातला माणूस घालवला. उद्या सांगू म्हटलं. उद्या तुमचं सामान टेम्पोत होतं.

अजून एक आहे. ते लिहायला मी दोनदा उठले, एकदा चहाला आणि एकदा उगीच.

शेवटच्या आजारपणात दादा म्हणाले, "धाकट्याला बोलाव. एका डब्यापायी काय भांडलो आम्ही." मी म्हटलं, बोलावते. दोन दिवसांनी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, येतो म्हणालेत. भाऊजी, मी तुम्हाला कळवलंच नव्हतं. तुम्ही आला असतात तर गाडीचं बोलणं निघालं असतं. ते तुमची वाट बघत गेले. ते गेल्याचं कुणाकडून तरी कळल्यावर तुम्ही आलात, फाटकाशी उभे राहिलात आणि आत न येता परतलात. मी खिडकीतून बघितलं. हाक मारली नाही.

झालं. हे असं आहे. याच्यावर रडून-बिडून दाखवणार नाही, तुम्हाला माझी नाटकं माहीत आहेत.

मला तुम्हाला एकच विचारायचंय. तुम्ही निघालात त्या सकाळी फाटक लावताना मला म्हणालात, "वहिनी, झाडांना पाणी घालत जा." की "झाडांनाच" म्हणालात? टेम्पोवाल्याने नेमकं तेव्हाच इंजिन सुरू केलं आणि फाटकही करकरलं. बावीस वर्षं मी हे वाक्य दोन्ही तऱ्हांनी ऐकते. "झाडांना" म्हणाला असाल, तर जाता जाता वहिनीला काहीतरी बोलायचं म्हणून बोललात. "झाडांनाच" म्हणाला असाल, तर तुम्ही मला त्या सकाळी झारी घेऊन गाडीमागे बघितलं होतं, आणि माझं नाव न घेता घर सोडलंत. झाडांना मी तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. धो धो पावसात सुद्धा घातलंय. शेजारची म्हणते, म्हातारीचा स्क्रू ढिला आहे.

तुम्ही येणार नाही असं लिहिलंत, म्हणून मीच येते. पुढच्या रविवारी. एकशे चाळीस किलोमीटर आहे, मेस्त्री म्हणतो साठच्या वर नेऊ नका, म्हणजे सकाळी आठला निघून अकरापर्यंत पोचते. दोन पट्टे बरोबर घेतलेत. तुमच्या दारासमोर गाडी बंद करेन. लगेच निघता येणार नाही. एवढ्या लांबून आल्यावर मी तिला पुरती गार होऊ देते, दोन तास तरी लागतात. तेवढा वेळ गाडीतच बसेन, हॉर्न वाजवणार नाही.

तुम्ही बाहेर यायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही "च" म्हणाला असाल, तर घरातली एखादी झारी पायरीवर आणून ठेवा. मला कळेल. नसाल म्हणाला, तर तुम्हाला सगळं आजच कळलं, आणि मग दार लावून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. मी इंजिनाला हात लावून बघेन, गार झालं असेल तर परत फिरेन. खणातले तुकडे मी रुमालासकट पायरीवर ठेवून जाईन. ते तुमचे आहेत.

जाऊबाईंना सांगा, कात्रीला धार लावून ठेवा. मी विसरलेले नाही.

दादांचा जो शब्द म्हणायचा राहिला, तो मीच लावून घेते.

तुमची,
अडाणी वहिनी