नळी येईपर्यंत

३ मार्च

ती. आईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. अक्षर थोडं हललंय, पण ओळी अजून पट्टी लावल्यासारख्या सरळ आहेत. तोंड आलंय, कोमट पाणीसुद्धा झोंबतं म्हणता. ते औषधामुळे आहे, दोन आठवड्यांत कमी होईल.

मी बरी आहे. खोकला गेला. ऑफिसच्या जिन्याला नवा रंग दिलाय आणि 'ओला रंग' ही पाटी लावायला विसरलेत, त्यामुळे आठवडाभर सगळ्यांच्या बाह्या हिरव्या. कोर्टानं मला आणि तुमच्या मुलाला वेगळं केलं त्याला या महिन्यात चार वर्षं होतील. सासू-सुनेबद्दल त्या कागदात काही लिहिलेलं नाही असं तुम्ही म्हणता आणि दर रविवारी फोन करता. तो कागद मी पुन्हा नीट वाचला. खरंच नाही.

केमोच्या चौथ्या डोसच्या वेळी मला येता आलं नाही. रजा मिळाली नाही. ते फोनवर सांगितलंच होतं.

तुम्ही लिहिलंय, "फोनवर तू घाईत असतेस आणि मला एकाच कानानं ऐकू येतं. तुझी ती नळी काय आहे ते लिहून कळव, म्हणजे दोनदा वाचता येईल." म्हणून लिहिते.

कार्बन म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो तोच. त्याचा एका अणूइतका पातळ पत्रा गुंडाळला की नळी होते. एका केसाच्या जाडीत अशा पन्नास हजार नळ्या शेजारी शेजारी बसतील. सध्या तुमच्या शिरेतून जे औषध जातं ते अंगभर हिंडतं. गाठीत जातं, तसं केसांच्या मुळांत, तोंडात, हृदयातही जातं. चोर एक आणि मार सगळ्या गल्लीला. आमची कल्पना अशी की औषध नळीत बसवायचं आणि नळीनं ते गाठीपाशीच सोडायचं. गाठीच्या आसपास जरा आंबटपणा असतो, तिथे औषधाची पकड सुटते.

हे मी हातानं करत नाही, संगणकात करते. पाण्याची एक पेटी मांडायची, तिच्यात मीठ, नळी आणि औषधाचे रेणू सोडायचे, आणि प्रत्येक अणू कुठे सरकेल ते गणितानं काढायचं. तुमच्या औषधाचा रेणू मला पाठ आहे. चार कड्यांचा सपाट भाग आणि शेपटीसारखी लोंबणारी साखर. तो नळीच्या भिंतीला कसा पालथा चिकटतो ते मी डोळे मिटून सांगेन.

ती नळी कधी येईल, असं तुम्ही पुन्हा विचारलंय. दोनेक वर्षं, असं मी म्हणाले होते. त्याबद्दल नंतर सविस्तर लिहीन.

पाणी भरपूर प्या. चिरंजीवांना माझी आठवण सांगा, किंवा नका सांगू, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

आपली,
शास्त्रीणबाई
(नाव तुम्हीच ठेवलंय, म्हणून.)


२१ मार्च

ती. आई,

काल तुमच्या मुलाचा फोन आला. चार वर्षांत पहिला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही.

"आईला काय सांगितलंयस तू?"

"कशाबद्दल?"

"पाचवा डोस घेतला नाही तिनं. सगळी तयारी झाली होती, ही उठली, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. म्हणे सुनेची नळी येतेय, तोवर थांबते. डॉक्टरांना म्हणाली, तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं. आता अठ्ठावीसची तारीख दिलीय."

पुन्हा तोच म्हणाला, "येतेय का नळी? नुसतं हो किंवा नाही सांग."

मी नाही म्हणाले. त्यानं फोन ठेवला.

डोस चुकला त्याला आज चार दिवस झाले, म्हणून हे पत्र कुरियरनं पाठवतेय.

नळी येत नाहीये, आई. माझे संगणक तीन आठवडे अहोरात्र चालतात तेव्हा त्या पेटीत जेवढा वेळ सरतो, तो पापणी लवायला लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शाइतकाही नसतो. तेवढ्या वेळात आमची नळी छान वागते. पण पेटीत पाणी आहे आणि मीठ आहे. रक्त नाही, यकृत नाही, माणूस नाही. आमच्या कामावरून अजून कोणी उंदरालाही काही टोचलेलं नाही. असल्या नळ्या शरीरात साठून उलट अपाय करतील का, हेच लोक अजून तपासताहेत. वीस वर्षं लागतील, किंवा कधीच होणार नाही. तुम्ही जन्मभर कोट शिवलेत. कागदावर बेतलेला कोट कितीही नेटका असला तरी थंडीत तो कोणी अंगात घालत नाही. माझ्याकडे फक्त कागद आहे. कापड आणायला अजून कोणी दुकानातसुद्धा गेलेलं नाही.

मग दोन वर्षं का म्हणाले? त्या रविवारी तुमचा आवाज बारीक झाला होता, आणि तुम्ही विचारलंत, "माझ्या कामाला येईल का गं?" तुम्हाला काहीतरी चांगलं द्यावंसं वाटलं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं. दोन हा आकडा मी कुठल्याही हिशोबातून काढलेला नाही. तोंडातून गेला.

आणखी एक. मला रजा मिळाली नव्हती, हे खोटं आहे. रजा होती. चौथ्या डोसला मी आले होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांब खोलीच्या दारापर्यंत आले. तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत होतात, डोक्याला निळा रुमाल. चिरंजीव एका हातानं तुमच्यापुढे भांडं धरून दुसऱ्या हातानं तुमची पाठ चोळत होते. नर्स मोठ्या सिरिंजमधून ते औषध सावकाश आत सोडत होती. नऊ वर्षं मी त्यावर काम करते. संगणकात मी त्याला हिरवा रंग दिलाय, कारण पांढऱ्या पडद्यावर तो उठून दिसतो. ते लाल असतं हे वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी, पहिल्यांदाच. सरबतासारखं लाल, आणि तुमचा हात इतका पांढरा.

तुम्ही नर्सला सांगत होतात, "माझी सून यावरच काम करते. तिचं औषध आलं की तुमच्या या सुया बंद."

नर्स म्हणाली, "मग लवकर बोलवा हो त्यांना."

मी आठ-दहा पावलांवर होते. आत आले असते तर तिच्यादेखत तुम्हाला खोटं पाडावं लागलं असतं, किंवा तिच्यादेखत हसावं लागलं असतं. लिफ्टची वाट न बघता मी जिना उतरले. परतीच्या गाडीत बसल्यावर तुम्हाला फोन केला आणि रजेचं सांगितलं.

हे औषध जुनं आहे, दांडगं आहे, पण गाठ आक्रसली आहे ती त्यानंच. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात. इथे तर पळतंही काही नाही. अठ्ठावीस तारखेला डोस घ्या. मी येईन, आणि खोलीत येईन.

अपराधी,
मी


१९ एप्रिल

ती. आई,

तुमची चिठ्ठी पर्समध्येच असते. "नळी येणार नाही हे मला केव्हाच कळलं होतं. दोन वर्षांत काय येतं नि काय येत नाही, ते सत्तरीत बरोबर कळतं. मला तो डोस नको होता. नुसतं नको म्हटलं तर घरात कोणी ऐकेना. तुझं नाव घेतलं की सगळे गप्प बसतात, शिकलेली ना तू! पण दारातून परत गेलीस ते वाईट केलंस." सुरुवात वाचून मला हसू आलं. शेवटच्या वाक्याशी अजून थांबते.

पाचव्या डोसच्या दिवशी मी भांडं धरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाकडं धरतेस." आपण दिवसभरात बोललो ते जवळजवळ एवढंच. ते मला पुरलं.

काल चिरंजीवांनी फोन करून तुमच्या हृदयाच्या तपासणीचं सांगितलं. हृदयाचा जोर उतरला आहे. सहावा डोस डॉक्टरांनी रद्द केला. गाठ निम्म्याहून लहान झाली आहे आणि पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया. वाईट आणि चांगलं, दोन्ही त्याच्याकडून एका दमात ऐकलं.

तुम्हाला पाचवा नको होता. मी घ्यायला लावला. घेतला नसता तर हृदय शाबूत राहिलं असतं का, की गाठ पुन्हा वाढली असती? डॉक्टरांना मी फोन करून हेच विचारलं. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही हो." मी माझ्या पद्धतीनंही मांडून पाहिलं. पेटीत मी तोच रेणू शंभरदा उचलून पहिल्या जागी ठेवते आणि पुन्हा सोडते, शंभर वेळा काय होतं ते बघते, मग बोलते. तुम्ही एकदाच आहात. अठ्ठावीस तारीख एकदाच झाली. मी चुकले असेन, तर ते मला कधीच कळणार नाही, आणि बरोबर असेन तरीही नाही. हे तुमच्यापासून लपवून पुन्हा रजेसारखं काहीतरी सांगायचं नव्हतं, म्हणून लिहिलं.

शस्त्रक्रियेच्या वेळी आणि त्यानंतरचा महिना मी तिथे असेन. अर्ज मंजूर झालाय. त्याची प्रत जोडली आहे, तुमचा विश्वास बसावा म्हणून. चिरंजीव म्हणाले, मी पुढच्या खोलीत झोपेन. मी म्हटलं, कुठेही झोप, मी आईंच्या खोलीत आहे.

पाचव्या डोसच्या दिवशीच्या फॉर्मबद्दल बोलायचं राहिलं. सोबत आलेल्या माणसाची सही हवी होती, आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तुम्ही कागद ओढून घेतलात आणि लिहिलंत, 'घरची'.

खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, घरची म्हणजे कोण?"

"म्हणजे बाहेरची नव्हे. मारा शिक्का."

त्यानं मारला. मागे रांग होती, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलायला बसले तर वाक्य जुळत नाही. पाच तारखेला सकाळी पोचते.

तुमच्या
घरची